आढं उतरण्याआधी

आये,

आज आपल्या स्वयंपाकघरातून आभाळ दिसतंय. मागच्या बाजूची सगळी कौलं उतरवली, पुढची अर्धी राहिली, आणि मधोमध आजोबांनी चढवलेलं, सगळे वासे पेलणारं ते आढं उघडं पडलंय. त्याला बांधलेलं नारळाचं लाल फडकं धुराने काळं झालंय, पण गाठ सुटलेली नाही. उद्या सकाळी आढं खाली घेणार. गडी गेले, हे अजून ड्युटीवरून यायचे आहेत, आणि मी चुलीपाशी पाटावर बसून तुला लिहितेय, कारण मला भीती वाटतेय. कशाची, ते आधीच सांगून टाकते. मला दिवस गेलेत. दुसरा महिना आहे. यांनासुद्धा ठाऊक नाही. तुला सांगितलं तर कुणाला सांगितल्यासारखं होत नाही, असं मी आपलं धरून चालले आहे.

आता तू कपाळाला हात लावशील. तुला जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी मला तुझा तो हात दिसतो. बाकीच्या आया मुलींसाठी पाटल्या ठेवून जातात, तू मला भीती ठेवून गेलीस, आणि मी ती अजून जपून वापरतेय. आपण दोघी ओट्यावर सुक्या मासळीतला जवळा निवडत बसायचो, आठवतं? मी त्यातले बारीक खडे काढायचे, तू काडीकचरा, आणि निवडता निवडता तू मला बाईच्या जातीने काय काय सांभाळायचं ते सांगायचीस. माझं लक्ष मांजरीकडे. तरी दोन गोष्टी कानात अशा बसल्या की निघता निघत नाहीत. तीन महिने होईस्तोवर पोटातलं ओठांवर आणायचं नाही, नजर लागते. आणि पोटुशी बाई घरात असेल तर घराच्या आढ्याला हात लावायचा नाही. आढं हललं की घरातलं कुणीतरी हलतं, असं तू म्हणायचीस, आणि म्हणताना वर बघायचीस.

तर आता तूच सांग मी काय करू. गप्प बसले तर उद्या आढं उतरणार. तोंड उघडलं तर तुझा पहिला शब्द मोडला. बरं, तोंड उघडून काम थांबवलं, तर पुढे काय? कौलं अंगणात रचून ठेवलीत, मृग दाराशी आलाय, उघड्या घरात पावसाळा कसा काढायचा? इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. दिवसभर गडी वर ठोकाठोक करत होते आणि प्रत्येक घावाला माझा हात आपोआप पोटावर जात होता. मग कुणी बघितलं का म्हणून मी तो पदराखाली लपवत होते.

छप्पर बदलायचं होळीच्या सुमाराला ठरलं, दिवस गेल्याचं समजण्याच्या कितीतरी आधी. एका दुपारी खालच्या लाकडी रिपेसकट तीन कौलं खाली आली, जिथे मी रोज भाकऱ्या थापते बरोबर तिथे. त्या दिवशी मला शिफ्ट होती म्हणून वाचले. मिस्त्रीने वर चढून आढ्यात सुरी खुपसली तर ती मुठीपर्यंत आत गेली. वाळवीने बाहेरचा पापुद्रा तेवढा ठेवला होता. "ताई, हे लाकूड नाय, नुसता भुसा हाय, सवयीनं उभं राहिलंय," असं तो म्हणाला. स्लॅब घालावा असं यांच्या मनात होतं, गल्लीत सगळ्यांनी घातलाय, पण आपल्या मातीच्या भिंती ते ओझं घ्यायच्या नाहीत. मग लोखंडी अँगल आणि पत्रे ठरले. मिस्त्रीने आकडा सांगितला तेव्हा हे दोनदा "किती?" म्हणाले आणि मग पाणी मागितलं. तरी कसंबसं जमवलं, अँगल भिवंडीहून टेम्पोतून आले, आणि ते अंगणात उतरवत असतानाच माझ्या लक्षात आलं की आपली पाळी चुकलीय. पुढच्या सुट्टीला भिवंडीला जाऊन, ओळखीच्या मेडिकलपासून लांब जाऊन, तपासायची पट्टी घेतली. दोन रेघा आल्या. मी ती पट्टी तीन कागदांत गुंडाळून नाल्यात टाकली, जणू चोरीच केली होती.

यांना का सांगितलं नाही, असं विचारशील. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझं तर दोनदा भाजलंय. पहिल्या वेळी आनंदाच्या भरात सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. तिसरा महिना पुरा झाला नाही. दुसऱ्या वेळी फक्त यांना सांगितलं, खिळा ठोकला नाही, ग्रहणात सुरीला हात लावला नाही, तू सांगितलेलं आणि न सांगितलेलंही सगळं पाळलं. तेही गेलं. तेव्हा मला तुझा इतका राग आला होता, आये, की तुझ्या फोटोला आठवडाभर फूल घातलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्यात काही दोष नाही, घाबरू नका. हे म्हणतात, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. घाबरू नका म्हणणारे सगळे रात्री झोपतात, मी वाशांकडे बघत पडते.

आणि वाशांकडे बघताना मला तो दिवस दिसतो. मी आठ-नऊ वर्षांची आहे. आपलं आणि काकाचं घर अजून एक आहे. बाबांनी मंगलोरी कौलं आणून अंगणात रचलीत, जुनी नळीची कौलं काढून, वासे-आढं बदलून, नवं छप्पर करायचं आहे. शिडी लावलीय, बाबांचा एक पाय पहिल्या पायरीवर आहे, आणि तू स्वयंपाकघरातून तशीच पिठाच्या हातांनी येतेस आणि शिडी धरतेस. चार माणसांसमोर नवऱ्याला कधी उलट शब्द न बोललेली तू, म्हणतेस, "घरान पोटुशी बाई हाय. यंदा आढ्याला हात लावायचा न्हाय." काकूला आठवा महिना, ती ओट्यावर बसलीय, ती लाजून खाली बघते. बाबा म्हणतात, "अगं, पावसाला छप्पर धरायचं न्हाय." तू म्हणतेस, "गळंल तर गळंल." तुझी पिठाची बोटं शिडीवर उमटलेली मला अजून दिसतात. बाबा चिडतात, पण उतरतात.

त्या पावसाळ्यात घर असं गळलं की भांडी पुरेनात. पातेली, परात, माझा शाळेचा डबासुद्धा कुठे ना कुठे ठेवलेला, आणि जिथे भांडं नाही तिथे फडकी. मग आषाढातल्या एका सकाळी काकूच्या अंथरुणावरच धार लागली. तूच बाबांना म्हणालीस, जरा वर जाऊन कौल सरकवा, कौलाला हात लावला तर चालतं, आढ्याला नको. बाबा चढले. शेवाळलेल्या कौलावरून पाय गेला. तो आवाज मी ऐकला, पडवीत होते. गावातले गडी सगळे लावणीला गेलेले. काका, शेजारचे म्हातारे आजोबा, त्यांची सून आणि तू, तुम्ही चौघांनी बाबांना खाटेवर घातलं आणि चिखलातून रस्त्यापर्यंत नेलं, कुणाचा तरी ट्रक थांबवायला. खाटेचा एक खूर तुझ्या खांद्यावर होता. मी मागून छत्री घेऊन धावत होते आणि छत्री कुणावर धरायची ते मला कळत नव्हतं. बाबांच्या मांडीचं हाड नीट बसलं नाही ते नाहीच. रस्त्याकडेची जमीन दवाखान्यात गेली. आज त्या जमिनीवर गोदाम आहे आणि त्याच गोदामाच्या गेटवर मी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या लिहून घेते. काकूला मात्र धडधाकट मुलगा झाला. "बघ," एवढंच तू म्हणाली होतीस, आणि तो "बघ" मी जन्मभर पुरावा म्हणून धरून ठेवला. तोच मुलगा आज आपल्या घरावर चढून कौलं उतरवत होता. जाताना म्हणाला, "ताय, सकाली आठला येतो. आढं उतरवू नि जेवायच्या आत पहिला अँगल चढवू." मी मान हलवली. माझा हात पदराखाली पोटावर होता, त्याला काही दिसलं नाही.

पण त्याआधी दुपारी काकूला दिसलं होतं. मी मुद्दामच गड्यांच्या बरोबरीने कौलांच्या पाट्या उचलत होते, कुणाला संशय नको म्हणून. काकू गड्यांसाठी जवळ्याचं कालवण घेऊन आली. टोपावरचं झाकण निघालं आणि मी पाटी घेऊन तशीच परसात पळाले. ती माझ्यामागे आली. आधी माझ्या हातातल्या पाटीला हात घातला.

"ठेव ती खाली."

"धूळ गेली नाकात," मी म्हणाले.

"मना नको शिकवू. जवल्याचा वास सोसत न्हाय त्या बाईला काय झालाय, ता मना सांगाय लागत न्हाय." मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुझ्या आयशीला पन सोसत नव्हता. त्या पावसान."

"कुठल्या पावसात?"

"माझा हा पोर पोटान व्हता तवा. मी भरत आलेली, नि तिला दुसरा म्हयना. बोलली न्हाय कुनाला. शिडी धरली ती माझ्या नावावर धरली, पन तिचा बी व्हता."

मला आधी समजलंच नाही. मी वेड्यासारखं विचारलं, "मग?"

"मंग काय. खाट उचलली ना तिनं."

तिने एवढं सांगितलं आणि पदराने डोळे पुसले. सगळं होऊन गेल्यावर तिला कळलं, तेव्हा तू तिला शपथ घातली होतीस म्हणे, बाबांना कधी कळू द्यायचं नाही. तिने इतकी वर्षं ती पाळली. आज मला पाट्या उचलताना ओट्यावरून बघितलं आणि तिच्याने राहवलं नाही.

आये, तेव्हापासून मला एकच गोष्ट दिसतेय. बाबांना दवाखान्यात ठेवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू घरी आलीस आणि गळतीखाली पसरलेली फडकी गोळा करायला लागलीस. ओलीच पिळून, एकावर एक. मी तुझ्यावर ओरडले, "आये, जमीन भिजतेय ना, ती कशाला नेतेस?" तू हातही उगारला नाहीस. नाहीतर उलट बोलले की पाठीत धपाटा ठरलेला. तू फडकी घेऊन न्हाणीत गेलीस आणि आतून कडी लावलीस. मग दोन दिवस झोपून होतीस. मला वाटलं, बाबांसाठी रडतेस. कोरडं फडकं घरात एक नव्हतं, आये. छप्पर बदलायला काय लागतं ते मिस्त्रीने मला सांगितलं. न बदलायला तुला काय लागलं, ते मला आज कळलं. तुझी भीती मला आतापर्यंत दगडासारखी पक्की वाटायची. ती माझ्यासारखीच होती, थरथरणारी, काकूच्या पोटामागे लपलेली.

तुझं आढं कुणी हलवलं नव्हतं, तरी तुझ्या पोटातलं गेलं. माझीही दोन गेली तेव्हा हे आढं जागच्या जागीच होतं, आतून पोखरलेलं. म्हणून तुझे शब्द खोटे, असं मी म्हणत नाही. म्हणायचं धाडस नाही माझं. मी एवढंच म्हणते की त्या दिवशी एका माणसालाही ठाऊक असतं, तर खाटेखाली खांदा देताना तुला कुणीतरी म्हणालं असतं, ठेव ती खाली. शेजारची सून होती, काका होता, कुणीही म्हणालं असतं. आज मला एकजण म्हणाली, तर मी पाटी ठेवून परसात बसले आणि दुसऱ्यांदा उचलली नाही. मला आणखी एक माणूस हवंय तसं म्हणणारं. म्हणून मी यांना आज सांगणार आहे. आढं उद्या उतरू दे. माझ्या डोक्यावर, आणि जो कुणी यायचा आहे त्याच्या डोक्यावर, भुसा नको.

पण मी काही शूर झालेली नाही. उद्या आढं उतरेपर्यंत मी काकूकडे जाऊन बसणार आहे, आपल्या घराकडे पाठ करून. तिनेच सांगितलंय, "आढं उतरवतील तवा तू घरान नको राहू." म्हणजे तीही घाबरतेच. काकूच्या पोराला मी सांगून ठेवलंय की ते फडकं सोडू नको, गाठीसकट काढ आणि नव्या अँगलला बांध. तो हसला, लोखंडाला कुठे नारळ बांधतात म्हणाला. बांध म्हटलं.

अंगणाशी यांची गाडी थांबली. आता ते बाहेरच्या पिंपातलं पाणी घेऊन पाय धुताहेत. वर बघून म्हणतील, अरे वा, चांदण्यात जेवायचं आज. हा कागद मी उद्या न्हाणीच्या चुलीत घालीन, कुठे पाठवायचा तो? खरं सांगू, आये? लिहिण्यासारखं केव्हाच संपलं होतं. हे गाडी लावून आत येईपर्यंत मी उगाच लांबवत बसले, कारण जोवर लिहितेय तोवर ते सांगावं लागत नाही. हे हाक मारताहेत. माझा हात पुन्हा पोटावर गेलाय आणि या वेळी मी तो तसाच ठेवून उठते.