नारायणाने माझी बाजू मांडली

कार्तिक वद्य षष्ठी, अकोला

माझा मुलगा नारायण मुंबईच्या रोमन कॅथलिक पादऱ्यांच्या कॉलेजातून सुट्टीला आला आहे. त्याला बाटवतील, एवढीच मला धास्ती होती. जेवताना तो सहज म्हणाला, "बाबा, देव नाही हे मी साऱ्या वर्गासमोर सिद्ध केलं. पादरीबुवांनी टाळ्या वाजवल्या."

देव नाही! आणि पादऱ्याच्या टाळ्या?

"तसं मानायचं नाही, बाबा. वादसभेत नेमून देल्ली ते बाजू जीव लावून मांडा लागते. हाच अभ्यास."

मी ताट सारले. "मंग आता माही बाजू घे. तुले तिथून काहून काढावं, सांग!"

तो सांगत गेला. मला सुचले नसते असे मुद्दे. शेवटी माझ्याच ढंगात म्हणाला, "पोरगा घरी आला का मले बोलता येत नाही. काही चुकीन, असं भेव वाटते."

हे त्याला कसे कळले? गुरूवाचून इंग्रजी शिकलो, कापसाची प्रत ठरवताना गोऱ्या साहेबाची चूक काढतो. ही भीती मात्र कोणाजवळ बोललो नव्हतो. आणि तिथे पादरी स्वतःच्या देवाविरुद्ध बोलणाऱ्यालाही टाळ्या वाजवतो.

"मंग परत जाऊ का, बाबा?" त्याने हळूच विचारले.

जा म्हणायचे होते. चुकेन म्हणून मनातच वाक्य जुळवत राहिलो, आणि तो माझ्याकडे पाहत होता.