अल्बममधली ढोलकी

ब्रिस्टल

तीर्थरूप बाबा, इथूनच पाया पडतो.

माझा ड्रम अँड बेसचा, म्हणजे इथल्या धावत्या ठेक्याच्या नाचाच्या संगीताचा, पहिला अल्बम शुक्रवारी निघाला. जेवण वेळेवर करून राहिलो. आईचे गुडघे कसे आहेत?

अल्बमात तुमची ढोलकी आहे. आपल्या नंदनवनच्या घरी मले शिकवताना मोबाईलवर रेकॉर्ड झालेला तुकडा घेतला, वेग दुप्पट केला न् तोच फिरवत ठेवला. माझा ठेका चुकल्यावर तुम्ही हाणलेली थापडही त्यात आहे. ती मी काढली नाही. इथले पोट्टे नेमके तिच्यावरच उड्या मारतात.

आई सांगत होती, लकवा मारल्यापासून तुमचा उजवा हात उठत नाही. काहून मनाले लावून घेता? इथं तो रोज वाजून राहिला.

तुमचाच,
मोहित