लाल पेनाचा गोल

गुरुवार, संध्याकाळी सात

आजच्या ट्रेनिंगला प्रत्येक सुपरवायझरने आपल्या कार्यकर्तीचा एक गृहभेटीचा अहवाल आणायचा होता. मी नसरीनचा नेला. येरवड्याच्या वस्तीत एका बाईचं तान्हं मूल गेलं होतं, त्या घरी ती जाऊन आली होती. अहवाल नीटनेटका, म्हणून तोच उचलला. मिरवायला, दुसरं काय!

ट्रेनर बाई म्हणाल्या, "अहवाल नको, तुम्ही त्यावर मारलेले शेरे वाचा." वाचले. 'वेळ लिहा.' 'सही राहिली.' शेवटी नसरीनने लिहिलं होतं, 'घरी आल्यावर जेवण गेलं नाही.' त्याभोवती माझ्या लाल पेनाचा गोल, आणि बाजूला 'अनावश्यक'.

बाईंनी एवढंच विचारलं, "आणि तुमची विचारपूस कोण करतं, मॅडम?" मी म्हटलं, "माझी कशाला करायला हवी?" वीस वर्षं झाली या कामाला, खरंच कोणी केलेली नाही. आधी राग यायचा, मग सवय झाली. तीच सवय मी शिस्त म्हणून नसरीनला लावली की काय?

घरी आले, कुलूप काढलं. कालचा भात गरम केला आणि तसाच झाकून ठेवला. तो लाल गोल डोळ्यांपुढून हलेना. शेवटी नसरीनला फोन लावला.

"बोला मॅडम. अहवालात काही राहिलं का?"

किती पटकन विचारलं तिने.

"हो," मी म्हटलं, "तारीख राहिलीय. उद्या टाक."

तारीख होती. जेवलीस का, एवढंच विचारायचं होतं.