तळ्यात पडलेल्या लाल गाडीविषयी

पुणतांबा,
मंगळवार, दुपार

ती. विजयमालाताईंना सुकन्याचा वाकून नमस्कार.

तुमची प्रकृती बरी असेल असं धरून चालते, कारण विचारायला फोन केला तर तुम्ही उचलत नाही. भाऊजींचा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक. माझं बी.पी. ताब्यात आहे (गोळी तुम्ही सांगितल्याप्रमाणे चहाच्या आधीच घेते). परसातल्या शेवग्याला शेंगा धरल्यात, पण तोडल्या नाहीत. पहिली जुडी दरवर्षी कोल्हारला तुमच्याकडे जाते, आणि यंदा ती कोणत्या तोंडाने पाठवावी ते कळत नाही.

आज एकोणीस दिवस झाले. त्या दिवशी चारच्या शर्यतीत माझ्या गाडीने तुमच्या लाल गाडीला तळ्यात ढकललं, हे मी नाकारत नाही. गाडी कॉम्प्युटरमधली, तळंही कॉम्प्युटरमधलं, पण अपमान खरा, एवढं मला समजतं. सोळाव्या वर्षी वडिलांचा ट्रॅक्टर चालवणाऱ्या बाईला सायकलसुद्धा न येणाऱ्या भावजयीने पाण्यात घालावं, हे कुणालाही लागेल. त्यानंतर तुम्ही फोन केलात. म्हणालात, "सुकन्या, तुझ्या मनात हुतं ते तू केलंस." आणि फोन ठेवलात. ते वाक्य अजून माझ्या घरात आहे. केर काढताना सापडतं.

म्हणून हे पत्र. ताई, मनात काही नव्हतं. जे काही होतं ते सेटिंगमध्ये होतं.

तुम्हाला आठवत असेल, यांच्या वर्षश्राद्धानंतर निकिताने दोन्ही घरी हा खेळ बसवून दिला. तुम्हा दोघींना एकमेकींशी बोलायला बाबा मध्ये लागायचे, आता निदान एका रस्त्यावरून गाडी तरी चालवा, असं ती म्हणाली होती. (लेक माझी, पण बोलणं थेट तुमच्या घराण्याचं.) तुमच्याकडचं यंत्र नवं, माझ्याकडचं तिच्या कॉलेजातलं. तिने ते बेताबेताने लावून दिलं होतं आणि हात लावू नकोस म्हणून बजावलंही होतं. त्या दिवशी सकाळी मी हात लावला. खेळात सेटिंगची एक लांब यादी असते, इंग्रजीत. इंग्रजी मला कॉन्व्हेंटपासून येतं, म्हणून कुणाला न विचारता वाचायला बसले. प्रत्येक शब्द कळला. यातच घात झाला. गवताचा दर्जा, सावल्यांचा दर्जा, पाण्यातल्या प्रतिबिंबाचा दर्जा, आणि प्रत्येकापुढे लो, मीडियम, हाय किंवा अल्ट्रा. निकिताने माझ्यासाठी वरपासून खालपर्यंत सगळीकडे लो निवडलं होतं. ते पाहिलं आणि मला सिस्टर फिलोमिना आठवल्या. आमच्या शाळेत दर शनिवारी वर्तनाचं कार्ड मिळायचं, आणि ज्या मुलीच्या कार्डावर खालचा शेरा ती आठवडाभर प्रार्थनेला शेवटच्या रांगेत. मी सात वर्षांत एकदाच त्या रांगेत उभी राहिले (शाईची दौत सांडली होती, ती मी सांडली नव्हती). या वयात आपल्या हाताने स्वतःपुढे लो ठेवणं मला जमेना. मी सगळीकडे अल्ट्रा केलं. पुढे सेन्सिटिव्हिटी म्हणून एक काटा होता. मुलीने सेन्सिटिव्ह असावं असं सिस्टर नेहमी सांगायच्या, तो मी शेवटपर्यंत नेला. आणखी एक पर्याय होता, चित्रांनी पडद्याशी जुळवून घेण्याचा. तो बंद होता याचंच मला नवल वाटलं. चालू केला.

काय सुंदर दिसत होतं म्हणून सांगू. तळ्यात डोंगर उलटा उभा होता, गवताचं पातं न् पातं हलत होतं. पण जुन्या यंत्राला एवढं सौंदर्य पेललं नाही. जे सेकंदाला साठ चित्रं काढायचं ते अठरा काढू लागलं. वळणावर तुम्ही ब्रेक लावलात, मी ते पाहिलं, लगेच डावा बाण दाबला. गाडी सरळच. पुन्हा दाबला, दाबूनच धरला. मग माझं सगळं म्हणणं तिला एकदम पोचलं, आणि सेन्सिटिव्हिटी पूर्ण असल्यामुळे ती जागच्या जागी आडवी फिरली. तिची मागची बाजू तुम्हाला लागली. पुढचं तुम्ही पाहिलंच.

उरलेलं कामाच्या कडूबाईने केलं. ती ओसरीवर लसूण सोलत बसली होती आणि मी ओरडले ते एवढंच, की ताई पाण्यात गेल्या. ती आत येऊन हळूच म्हणाली, "बाई, पानी लई खोल हुतं का?" मला तळाचा खरोखरच अंदाज नव्हता, तसं सांगितलं. तिची लेक कोल्हारात दिलेली आहे हे त्या वेळी लक्षात आलं नाही. दिवेलागणीपर्यंत तुमच्या अंगणात बायका जमल्या, एक तर कोरडं लुगडं घेऊन आली होती, असं कळलं. त्याचीही क्षमा मागते.

शनिवारी शेवटी निकिताला सगळं सांगितलं. ती आधी पोटभर हसली, मग एकेक सेटिंग वाचून घेतलं आणि जुळवून घेण्यापाशी थांबली. म्हणाली, "आई, इथे जुळवून घेतलं की उशीर होतो." मी ते बंद केलं. सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणली. मग प्रेक्षक काढले, पाखरं काढली, गवत काढलं, सावल्या काढल्या, आणि एकेका ओळीवर स्वतःच्या हाताने लो केलं. आता तो परदेशातला रस्ता वैशाखातल्या मिरजगावासारखा उघडा दिसतो, आणि तुम्ही ज्यात पडलात ते तळं म्हणजे शेततळ्यात अंथरलेला निळा कागद. वायफायचा भरवसा नको म्हणून वायरही ओढून घेतली, यांच्या फोटोखालून. पण बोट ठेवलं की गाडी वळते आणि उचललं की सरळ होते.

काल तशी एकटीच चालवत होते, तेव्हा आठवलं. लग्नानंतर आठव्या दिवशी तुम्ही मला ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवून मळा दाखवायला नेलं होतं. ओढ्याच्या उताराला मुद्दाम वेग वाढवलात, कॉन्व्हेंटची पोरगी रडते का ते बघायला. मी रडले. पण तुमचा एक हात स्टीअरिंगवर होता आणि दुसऱ्याने माझं मनगट धरलं होतं, ते घर येईपर्यंत सोडलं नाहीत. माझ्या दोन बांगड्या पिचल्या. तुम्ही विसरला असाल.

रोज चार वाजता मी यंत्र लावून बसते. तुमच्या नावापुढचा दिवा अजून करडाच आहे. भाऊजींना नमस्कार.

तुमची,
सुकन्या

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. तळ्याचं लिहिलं ते अक्षरन् अक्षर खरं आहे. पण त्याच्या आदल्या आठवड्यात, पुलाजवळ, तुमची गाडी मागून दोनदा ठोकली गेली, तेव्हा यंत्र अगदी ठीक होतं. ते मी केलं. आमचा राधाकृष्ण तुझं पिठलं नुसतं भिडेखातर खायचा, असं तुम्ही नुकतंच म्हणाला होतात. अडतीस वर्षं कोणी भिडेखातर खात नाही, ताई. (शाईची दौतही मीच सांडली होती.)

ता. क. दुसरा. निकिताने एक शेवटचं सेटिंग दाखवलं. धडक बंद करता येते. मग गाड्या एकमेकींच्या आरपार जातात, कोणी कोणाला पाण्यात घालू शकत नाही. आत्याचा रुसवा कायमचा मिटेल, असं तिचं म्हणणं. आम्ही करून पाहिलं. तिची गाडी मागून आली आणि माझ्यातून धुरासारखी निघून गेली, मला कळलंसुद्धा नाही. या घरात आता असं न लागता जाणारं पुष्कळ आहे, ताई. मी धडक चालू ठेवली आहे, पण ती दोन्हीकडे चालू असावी लागते. तुमच्याकडचीही बंद करू नका, एवढंच मागणं होतं. तळ्याच्या वळणावर मी गाडी हळू घेईन.