कशापेक्षा मऊ

१२ एप्रिल २०२५

दिशा आली बारामतीहून. बॅगेत कपडे कमी, पिठाच्या पिशव्या जास्त! नात माझी एम.एस्सी. करते, अन्नाचं काहीतरी. दोन ज्वाऱ्या आणल्यात — एक कॉलेजची नवी, दुसरी माझीच, घरची, मागं दळायला नेलेली. दोन्हीच्या भाकरी करायच्या, वस्तीतल्या बायकांना द्यायच्या आणि विचारायचं, कुठली मऊ. ह्याला म्हणे पदवी मिळते. मी चौथीत शाळा सोडली. भाकरीवर पदवी होती तर आधी सांगायचं की कुणीतरी!

भाकरी मीच करायच्या. "तुझा हात एकसारखा हाय आजी," म्हणाली.

१३ एप्रिल

रविंद्र जेवताना म्हणाला, "आये, दिशाची ज्वारी मऊ निघाली तर पुढच्या रब्बीला तीच पेरू."

"आन् माझी?"

"तुझी ठिव की डब्यात. आठवण म्हणून."

आठवण! मी मेल्यावर माझा फोटो लाव भिंतीला, ज्वारीला कशाला डब्यात घालतो? सासूनं दिलेलं बी आहे. सगळ्या वरकुटे गावानं ऊस लावला तरी मी तो तुकडा सोडला नाही. कणसं मी निवडते, राख लावून मी ठेवते. हा बाबा फक्त गाडीवरून बघून जातो.

पोरगं माझंच. पण जेवण गेलं नाही.

१४ एप्रिल

जयंती. दिशा मिरवणुकीत नाचली. मी पण थोडी. पाय भरून आलेत.

१६ एप्रिल

झाल्या भाकरी. दिशानं सगळं मोजून दिलं — पीठ तेवढंच, पाणी तेवढंच, दोन्हीला उकळतं आधण. माझ्या ज्वारीची हिरव्या ताटलीत, कॉलेजची निळ्या ताटलीत. कुठली कुणाची ते बायकांना सांगायचं नाही, मला बजावलं.

माझ्या पिठावर उकळतं पाणी घातलं. तेवढ्यात बायका आल्या. दिशा चटई टाकायला बाहेर गेली. निळ्याचं पीठ परातीत. चुलीवर आधण उकळतंय. मी माठातलं पाणी ओतलं. मळलंही अर्धंच. हात आपोआप झाला म्हणू का? नाही. हाताला मीच सांगितलं.

कडेला चिरा गेल्या. थापटून बुजवल्या.

बायकांनी खाल्लं. मी तिथंच, दारात उभी. सगळ्यांनी हिरवी मऊ म्हणून सांगितलं. शेजारची अनिसा तर म्हणाली, "लोण्यावानी!" रविंद्रकडं बघितलं मी. तो खाली बघत होता. लई बरं वाटलं.

१७ एप्रिल

बरं वाटणं टिकलं नाही. दिशाचं तोंड उतरलंय. तिचा अंदाज उलटा होता. मला वाटलं, आता झाकून ठेवील पोरगी, तिच्या मनासारखं लिहील. तर म्हणते, "आलं ते आलं आजी. जे हाय तेच लिहायचं."

कुणावर गेली ही? माझ्यावर तर नाही.

१९ एप्रिल

दिशा इंग्रजीत लिहीत बसलीये. मी म्हटलं, लिही, आजीची ज्वारी जगात भारी. हसली. म्हणाली तसं लिहिता येत नाही. सगळ्यात मऊ लिहायचं तर सगळ्या ज्वाऱ्या तपासाव्या लागतील. आणि नुसतं जास्त मऊ लिहिलं तर कॉलेजातल्या मॅडम लाल पेनानं विचारतात — कशापेक्षा? कुणी खाल्ली? किती वेळानं खाल्ली? आपण 'पेक्षा' लावून मोकळं होतो. इंग्रजीत शब्दालाच शेपूट लावतात. सॉफ्टचं सॉफ्टर. आणि एक शेपूट लावलं की त्याच्या मागं एवढाले पुरावे बांधायचे.

मी जन्मभर ह्याच्यापेक्षा ती काळी, तिच्यापेक्षा ही आळशी करत आले. कुणी पुरावा मागितला नाही. कुणाची टाप होती!

मग तिनं वाक्य वाचून दाखवलं, मराठी करून. स्थानिक ज्वारीची भाकरी नव्या ज्वारीपेक्षा जास्त मऊ आढळली. दोन्ही भाकरी एकाच व्यक्तीनं, एकाच पद्धतीनं केल्या होत्या.

एकाच पद्धतीनं. मी उठून म्हशीला वैरण टाकायला गेले. आधीच टाकली होती.

९ मे

दिशा पुन्हा आली. तिच्या माधवी मॅडमचा फोन. मी ओसरीवर मेथी निवडत होते, दिशानं आवाज मोठा ठेवलेला.

"दिशा, हे निकाल मला पटत नाहीत. भाकरी करणाऱ्या बाईंनी काही फरक केला असेल."

"मॅडम, ती माझी आजी हाय."

"म्हणूनच विचारतेय."

"ती तोंडानं वाईट हाय. हातानं न्हाय. मी लेखी द्यायला तयार हाय."

मॅडम म्हणाल्या, मग मला सही करता येणार नाही, विचार कर. सही नाही तर वर्ष वाया. दिशानं फोन ठेवला. मला म्हणते, "तू नको मनाला लावून घेऊ आजी."

मनाला! मेथीची पानं उकिरड्यावर आणि काड्या पातेल्यात टाकल्या मी.

१० मे

सांगितलं नाही.

११ मे

सांगितलं. ती चहा घेत होती. म्हटलं, "निळ्या पिठाला माठातलं पाणी घातलं मी. आन् मळलं न्हाय नीट."

आधी हसली. चेष्टा वाटली तिला. मग बशी खाली ठेवली.

"का गं आजी?"

"तुझ्या बापानं माझी ज्वारी डब्यात घालायची ठरिवलं."

"मला सांगायचंस ना! मी त्याच्याशी भांडले असते. मी मॅडमशी भांडले गं तुझ्यासाठी!"

दिशानं बापाला गाडी काढायला लावली आणि गेली. पाया पडली जाताना. नसती पडली तर बरं झालं असतं.

२० मे

फोन नाही.

२२ मे

फोन आला. मॅडमला तिनं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, परत करू, मी स्वतः येते. बायका त्याच, भाकरी आजींनीच करायच्या. मी म्हटलं, दुसरी कुणी बघ. "न्हाय," दिशा म्हणाली, "तूच." आवाज कोरडा.

२५ मे

मॅडम माझ्या शेजारी पाट घेऊन बसल्या. दोन्ही पिठांना उकळतं आधण, दोन्ही मळली मनगट दुखेस्तोवर. बुद्धासमोर बसावं तसं बसून केल्या. एकीलाही चीर नाही.

बायकांनी खाल्लं. मी दारात. परत सगळ्यांनी हिरवीच सांगितली!

मॅडम म्हणाल्या, "आजी, मग पाण्यानं फरक पडलाच नव्हता. तुम्ही उगाच जिवाला लावून घेतलंत." दिशा माझ्या गळ्यात पडली. सगळ्यांसमोर. मॅडम सही करणार.

बायका गेल्यावर उरलेला तुकडा खाल्ला निळ्या ताटलीतला. मग हिरव्यातला. मग परत निळ्यातला.

दात नाहीत मला. मऊ काय ते मला कळतं. निळी मऊ होती.

कुणाला बोलले नाही. म्हटलं, म्हातारीची जीभ, काय खरं तिचं.

२७ मे

अनिसा वाटी द्यायला आली. खोदून विचारलं. आधी "लोण्यावानी" चालू केलं तिनं. मी म्हटलं, शपथ घे.

"काकी, तुमची ज्वारी पिवळट. रंगावरनंच कळती. आन् तुमी दारात हुभ्या, कमरंवर हात ठिवून! निळी मऊ हाय म्हणून सांगून हितं राहायचं हाय का आमाला? तवा बी तसंच, आता बी तसंच."

लगेच दिशाला फोन लावला. सगळं सांगितलं.

"एकीनं पण खरं न्हाय सांगितलं?"

"न्हाय."

"एवढं भ्यातात तुला?"

"व्हय," म्हटलं. "तू तिकडं पणदरे गावात जाऊन कर. तितं मला कुणी वळखत न्हाय."