पेडल दाबल्यावरची शिट्टी

प्रिय म्हाळू,

तुझी लाल गाडी दुरुस्त झाली न्हाई, आणि मी ती होऊ बी देणार न्हाई. कावून ते सांगते, पण ओळीनं वाच. आधी उठायचं आणि मग ऐकायचं, ही तुझ्या बापाची खोड तुझ्यात बी हाय.

तू पुण्याला गेलास आणि केजहून भगवान मिस्त्री आला. गाडी एवढी बसकी की बिचारा सापासारखा सरपटत खाली गेला. म्हणाला, आज्जी, ही पळवायची गाडी, आपल्या रस्त्यावर हिचं पोट फाटंल. मी म्हणलं, पोटाचं राहू दे, पोरगा म्हणतो तो आवाज कशाचा ते बघ. तू चालवलीस तवा मी मेंढरांमागं गेलते, मी तो आवाज ऐकलाच नव्हता. मिस्त्रीनं इंजिन चालू करून मला आत बसवलं आणि डावं पेडल दाबायला लावलं. दाबलं की आवाज, सोडलं की गप. पुन्हा दाबलं, पुन्हा आवाज. तो म्हणाला, गिअरचा डबा बिघडला असता तर पाय काढल्यावर बोंबलला असता, हे क्लचचं बेअरिंग हाय. गिअर बदलायला पाय टेकवला की वरडणार, न्हाईतर मुकं.

मी पायच काढला न्हाई. आज्जी सोडा, जळंल, असं तो कोकलत होता आणि माझा पाय दगड झालता. मेंढराचं नरडं अर्धंच कापलं की त्यातनं वारा सुटतो, तशी ती शिट्टी. मी ती ऐकलेली हाय.

दुष्काळात आपली मेंढरं नांदूरघाटाकडं छावणीला होती. छावणी चालवणाऱ्या संस्थेच्या सभेत तुझा बाप, माझा सिदू, उभा राहिला आणि म्हणाला, छावणीचा चारा गेवराईच्या बाजारात कसा दिसतो? चेअरमनचा पोरगा राधाकिशन हसून म्हणाला, बस बे, मेंढ्या मोज. त्याच हप्त्यात दिवस मावळायला सिदू कळप घेऊन पुढं निघाला, मी लंगडी मेंढी घेऊन वळणाच्या मागं. आधी धडक ऐकली. मग शिट्टी. मग पुन्हा धडक, जरा बारीक, वल्लं लाकूड मोडावं तशी. पुन्हा शिट्टी, पुन्हा धडक. मी पोचले तवा धुरळाच होता.

तुला बापाचं ते पोतं उघडू दिलं न्हाई, ते मीच बांधलतं. छातीचा पिंजरा पाठीला लागला होता, जबडा कानाकडं गेलता. मेंढरांची आतडी त्याच्या हातात गुंतलती. रक्त कुणाचं कुठलं, मला निवडता आलं न्हाई. हवालदाराला मी शिट्टीचं सांगितलं. तो म्हणाला, आज्जी, मेंढ्या वरडल्या असतील. आणि लिहिलं, अज्ञात वाहन.

अपघात करणारा पुढं पळतो, म्हाळू. मागं यायला पेडल दाबावं लागतं. पुन्हा पुढं जायला परत दाबावं लागतं. तुझ्या बापाला धडक बसली नव्हती, त्याला दळला होता.

मग दोन वर्षं ती गाडी राधाकिशनच्या शेडात ताडपत्रीखाली. आणि सिदूभाऊच्या पोराला आधार म्हणून ती त्यानं तुला मातीमोल दिली. आधार कसला, बला आपल्या अंगणात आणून टाकली. टेम्पोवरनं उतरवली तवा आपल्या रिवाजापरमाणं मी चाकापुढं बोकड कापला आणि माझ्याच हातानं चाकाला रक्त लावलं. त्याच चाकाला. ह्या हाताला आता भाकरी थापवत न्हाई.

मिस्त्री साधा माणूस, केजात चहा पिताना बेअरिंगचं बोलला. काल राधाकिशन दोन गडी आन क्रेन घेऊन हजर. आज्जी, मीच फुकट दुरुस्त करून देतो, म्हणाला. मी म्हणलं, एवढा पान्हा कावून फुटला रं तुला? त्यानं गाडीच्या दाराला हात घातला. मी कोयता उलटा करून मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला, आणि खरं सांगते, लई बरं वाटलं. कुत्र्यांनी गड्यांच्या पोटऱ्या फाडल्या. तो पुन्हा येणार, जास्त माणसं घेऊन.

आता हे पत्र कावून, ते ऐक. फोनवर तू राधाकिशनचं नाव ऐकताच कुऱ्हाड उचलली असतीस, आणि पुढचं ऐकायला राहिला नसतास. एक लेक मी पोत्यात बांधला, नातू फासावरनं उतरवून घ्यायला जाणार न्हाई. येताना वकील आण, तालुक्याचा नको, तिकडचाच. पंचांसमोर पेडल दाबायचं आणि मी सांगायचं, किती येळा ऐकलं ते. तोवर मी गाडीतच बसलेली हाय, जेवण बी आतच. घरातली कुऱ्हाड शोधू नकोस. ती माझ्या मांडीवर हाय.

तुझीच, अजून हात चालणारी आज्जी,
कडूबाई