मानपत्रातला तिसरा परिच्छेद

४ फेब्रुवारी

चि. ठकूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण मध्ये गुरुवारचं व्याख्यान होतं, आणि त्या आठवड्यात तुझ्या काकूला जेवायचीही शुद्ध नसते हे तू लहानपणापासून बघत आली आहेस. गुडघा तसाच आहे. डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ थेंब घालते. बाकी ठीक.

वहिनींची झोप सुधारली हे वाचून बरं वाटलं. तुला त्या मधूनच 'बाई' म्हणून हाक मारतात, ते मनाला लावून घेऊ नकोस. पोटच्या मुलीचं नाव गेलं तरी समोरचं माणूस आपलं आहे एवढं त्यांना कळतं, हेही काही थोडं नाही.

मंडळाचं विचारलंस. विद्यापीठ स्नेही मंडळ जिवंत आहे, म्हणजे श्वास चालू आहे. गुरुवारी मधमाश्यांवर व्याख्यान होतं. वक्त्या फार छान बोलल्या. श्रोते चौदा. त्यातले सहा बिस्किटांसाठी आलेले, आणि एक गृहस्थ चुकून आलेले. त्यांना शेजारच्या खोलीत मुलीचा फॉर्म भरायचा होता. पण बिचारे भिडेपोटी शेवटपर्यंत बसले आणि प्रश्नसुद्धा विचारला.

आपली ग्रंथालयामागची खोली विद्यापीठाने काढून घेतली. तिथे आता प्रसिद्धी विभाग बसतो. आमची तीन कपाटं जिन्याखाली गेली, चहाचे कप त्यातच. नव्या विद्यार्थ्यांसाठी आपण पांघरुणं, किटल्या, टेबलावरचे दिवे गोळा करायचो, आठवतं ना? यंदाही मांडून बसलो. एक मुलगी आली, किटली उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "आजी, हे प्रदर्शन आहे का?"

आता मुद्द्याचं. मंडळ मला 'आजीव स्नेही' करणार आणि मानपत्र तू लिहून वाचणार, हे मला आमच्या चिटणिसांकडून, म्हणजे दातांच्या डॉक्टरांकडून कळलं. तुझ्याकडून कळलं असतं तर मी तिथल्या तिथे नाही म्हटलं असतं. म्हणूनच बोलली नाहीस, होय ना? अगं, तुला रजा काढावी लागेल. आणि माझं कौतुक ते काय करायचं? खुर्च्या मांडल्या, खुर्च्या उचलल्या.

लिहिणारच असशील तर पांघरुणांचं लिही. जुन्या पुस्तकांच्या विक्रीचं लिही. पंचविसाव्या वर्धापनदिनाचं मात्र काही घालू नकोस. आठ वर्षं झाली त्याला. कशाला उकरून काढायचं?

वहिनींना नमस्कार सांग.

तुझी
काकू


१९ फेब्रुवारी

चि. ठकू,

मानपत्राचा मसुदा मिळाला. लाल पेनाने खुणा करून सोबत परत पाठवते आहे.

पहिल्या परिच्छेदात तू मला मंडळाची संस्थापक केलं आहेस. मंडळ तुझ्या आईने काढलं. वहिनी तेव्हा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवत होत्या. आत काय शिकवतात ते गावातल्या माणसांना कळावं, आणि गावातल्या माणसांनी विद्यापीठाला हात द्यावा, ही कल्पना सगळी त्यांची. मी तेव्हा स्वयंपाकघरात मटार सोलत होते.

दुसऱ्या परिच्छेदातलं 'सख्ख्या बहिणींसारख्या' काढ. आम्ही जावा होतो. जावाच लिही.

तिसरा परिच्छेद संपूर्ण काढ. 'भर सभेत आईला शब्द सुचेनात, तेव्हा क्षणाचाही विलंब न लावता काकू धावून आल्या आणि त्यांनी आईची अब्रू राखली.' हे काय लिहिलंस? आईच्या फजितीवर कुणी काकूचा पुतळा उभा करतं का? आधीच्या पत्रात सांगितलं होतं, तरी घातलंस. तुझ्या वडिलांचा हट्टीपणा तुझ्यात पुरेपूर उतरला आहे.

त्याऐवजी झाडांच्या फेरीचं लिही. थंडी सरली की एका रविवारी वहिनी लोकांना विद्यापीठाच्या आवारात फिरवून झाडं दाखवायच्या, ती फेरी. वर्धापनदिनाच्या दीड वर्ष आधीची गोष्ट. ग्रंथालयामागच्या अंजिरापाशी थांबल्या. स्वतःच्या हाताने लावलेलं झाड. तीस माणसं वह्या उघडून उभी, आणि वहिनी गप्प. मी मागून हळूच म्हटलं, "अंजीर." त्या वळल्या आणि म्हणाल्या, "मला माहितीय गं, लोकांना ओळखू दे की जरा!" सगळे हसले. मीही हसले. पण त्यांनी माझं मनगट धरलं होतं, ते फेरी संपेपर्यंत सोडलं नाही.

त्या दिवसापासून मी त्यांच्या मागे उभी राहू लागले. प्रत्येक कार्यक्रमाला कार्डं करायची: एका कार्डावर एक पाहुणा, त्याचं नाव, पद, खाली दोन ओळी. स्टेजवर जाताना त्या न बघता हात मागे करायच्या, मी कार्डं हातात ठेवायची. त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. कुणाला पत्ता लागला नाही, तुलासुद्धा.

ते लिहायचं तर लिही. ते खरं आहे.

रागावू नकोस.

काकू


२ मार्च

ठकू,

काल तू फोनवर म्हणालीस की आईलाही कार्यक्रमाला घेऊन येते. मी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. पण तुझं पुढचं बोलणं डोक्यातून जाईना. "विद्यापीठाचं नाव काढलं की आई पर्स उपसत बसते. काहीतरी हरवलंय म्हणते. मी सांगितलं, घाबरू नकोस, काकू आहे ना तिथे."

म्हणून लिहिते आहे. मध्ये थांबले तर पुन्हा पेन उचलायची नाही, तेव्हा अक्षराकडे बघू नकोस.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. "पुढचं नंतर बघू," तुझे काका म्हणाले. ते 'नंतर' काही उजाडलं नाही. वहिनी रोज सकाळी विद्यापीठात जायच्या आणि मी त्यांचा डबा भरायची. डबा भरण्याचं काही नाही गं. पण मंडळ निघालं आणि मलाही त्या फाटकातून आत जायला मिळालं, त्या दिवशी मी चपला पुसून गेले होते. पुढची पंचवीस वर्षं प्रत्येक व्याख्यान मी मागच्या भिंतीला टेकून उभ्याने ऐकलं. तारे, भूकंप, जुनी नाणी, माणसाचा मेंदू. घरी येऊन वह्या भरल्या. एवढं काय लिहितेस, असं कुणी कधी विचारलं नाही.

वर्धापनदिनाच्या तीन आठवडे आधी समितीची बैठक होती. दातांचे डॉक्टर म्हणाले, "यंदा प्रास्ताविक धाकट्या वहिनींना करू द्या. पंचवीस वर्षं राबताहेत." मी हातातली किटली खाली ठेवून पदर सारखा केला. तुझ्या आईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "ती चहाचं बघते. तिला चहाचंच बघू दे. चार माणसांत बोलायचं म्हणजे थोडं शिक्षण लागतं."

सगळे आपापल्या कपात बघायला लागले. मी ते कप गोळा केले.

ते दुखणं बोलत होतं की वहिनी, मला आजही सांगता येणार नाही. दुखणंच होतं असं म्हणणं मला सोयीचं नाही, कारण मग मी दुखण्यावर सूड घेतला असं होतं.

वर्धापनदिन भर दुपारी होता. मोठं सभागृह, चारशे माणसं, पहिल्या रांगेत कुलगुरू. तू तिसऱ्या रांगेत होतीस. कार्डं मी केली होती, नऊ. माझ्या पिशवीत, रुमालाखाली. वहिनींचं नाव पुकारलं. त्या उठल्या आणि नेहमीसारखा हात मागे केला.

मी म्हटलं, "तुम्हाला दिली की मघाशी."

एवढंच. आधीपासून ठरवलं होतं का? रात्रंदिवस घोकलेलं नव्हतं. पण कार्डं रुमालाखाली मीच ठेवली होती, आणि एरवी मी ती हातात धरून बसायची.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझ्याविषयी शंका नव्हती गं. शंका असती तर मी लगेच कार्डं काढून दिली असती, असं मी आठ वर्षं स्वतःला समजावते आहे. भीती होती, आणि ती स्वतःचीच. त्या पायऱ्या चढून वर गेल्या. पर्स उघडली. मग टेबलावर उपडीच केली. माईक चालू होता. किल्ल्या, कंगवा, गोळ्यांच्या पट्ट्या, सगळ्याचा खडखडाट सभागृहभर ऐकू आला. "आत्ता होती... तिने दिली होती... आत्ता होती इथे..." कुलगुरूंनी घड्याळ पाहिलं. मागे कुणीतरी हसलं.

तुझ्या मसुद्यात 'क्षणाचाही विलंब न लावता' आहे. मी विलंब लावला. सगळं नीट बघून घेतलं आणि मग उठले. त्यांना खुर्चीत बसवलं, नऊच्या नऊ नावं पदांसकट तोंडपाठ म्हटली आणि वर दहा मिनिटं विद्यापीठ आणि गाव यांच्या नात्यावर बोलले. फार चांगलं बोलले. टाळ्या थांबेनात. तू उभी राहून टाळ्या वाजवत होतीस, डोळे पुसत होतीस. एका टोकाला वहिनी सांडलेल्या वस्तू एकेक करून पर्समध्ये भरत होत्या.

हे इथेच संपलं असतं तर एका वेळचा राग म्हणून मी कदाचित स्वतःला पदरात घेतलं असतं. पण नंतर हात धुवायच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. त्या म्हणाल्या, "खरं सांग. तू दिली होतीस ना कार्डं?"

पिशवी माझ्या खांद्यावर होती. अजून वेळ गेली नव्हती.

"हो वहिनी. दिली होती."

त्यांनी नळ बंद केला. तो बंद झाला की नाही हे हात लावून दोनदा पाहिलं. "मग आता मी घरीच बसलेलं बरं," म्हणाल्या. आणि ओल्या हाताने माझा हात धरला. "तू होतीस म्हणून निभावलं."

दोन महिन्यांत वहिनींच्या जागी मी अध्यक्ष झाले. पुढचं तुला माहीत आहे. त्या कोपऱ्यावरच्या दुकानातही एकट्या जाईनात. दार लावलं का, गॅस बंद केला का, आपण जेवलो का, सगळं दुसऱ्याला विचारू लागल्या. स्वतःच्या डोक्यावरचा त्यांचा विश्वास त्या दुपारी उडाला. विसरणं वाढणारच होतं असं डॉक्टर सांगतात. असेल. पण त्या दिवशी वहिनी काहीही विसरल्या नव्हत्या.

अध्यक्ष होऊन मला काय मिळालं ते ऐक. पहिल्या रांगेतली खुर्ची. आठ वर्षं तिथे बसले, आणि एका व्याख्यानाचं एक वाक्य मला आठवत नाही. मधमाश्यांचंही नाही. पहिल्या पत्रात 'छान बोलल्या' असं आपलं उगाच लिहिलं.

आज सकाळी दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन हे सगळं त्यांना सांगितलं. खुर्चीतल्या पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगून ते मला बाहेर घेऊन आले. मला वाटलं, ओरडतील. निदान तोंड तरी फिरवतील. ते म्हणाले, "अहो, आता कशाला? पत्रिका छापून झाल्या, कुलगुरूंची तारीख मिळाली, सभागृह मिळालं. फार तर मानपत्रातला तेवढा परिच्छेद गाळू या. बाकीचं काम तर तुम्ही केलंच आहे ना?"

म्हणजे बघ, मी नको म्हणत होते तोच परिच्छेद निघाला, आणि मी होते तिथेच राहिले.

राजीनामा त्यांच्या टेबलावर, दातांच्या साच्यांशेजारी ठेवून आले. कार्यक्रमाला मी जाणार नाही. तूही येऊ नकोस, आणि वहिनींना तर मुळीच आणू नकोस. त्या सभागृहाची पायरी त्यांना पुन्हा चढायला लावू नकोस.

माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही याचा घोर तुला, आणि तुझ्या डोक्यावर आधीच पुरेसं आहे. वहिनींना सांगायचं की नाही, ते तू ठरव. सांगून काय कळणार, असं तुला वाटेल. तरी त्या पर्स घेऊन बसल्या की शेजारी बस आणि सांग, "आई, तुझ्या हातून काही हरवलेलं नाही. तुला ते दिलंच नव्हतं." कुणी, ते विचारलं तर माझं नाव घे. त्या विसरतील, पुन्हा शोधायला लागतील. पुन्हा सांग. हे काम माझं आहे, पण मला दारात उभं करायचं की नाही हे आता मी ठरवायचं नाही.

फोन केला नाहीस तर समजेन. आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तुझ्या आईची
धाकटी जाऊ